चार रजिस्टरे आणि अनेक हक्कदार : लिनक्स कर्नेलमधील हार्डवेअर ब्रेकपॉइंटांच्या व्यवस्थेचा इतिहास

१. विषयप्रवेश

ठाण्याची खाडी आणि पारसिकचा डोंगर यांच्यामधील पट्टीत जे औद्योगिक क्षेत्र वसले, ते प्रथम रासायनिक कारखान्यांसाठी ओळखले जाई. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, आणि या पट्टीच्या भोवती नवी मुंबई हे नगर आखले गेले. अलीकडच्या काळात त्याच पट्टीत, ऐरोली, रबाळे व महापे येथे, डेटा सेंटरांच्या इमारती उभ्या राहिल्या. अशा इमारतींत रात्रंदिवस चालणारी बहुसंख्य यंत्रे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात, आणि त्यांपैकी इंटेलच्या घराण्यातील प्रत्येक प्रोसेसरच्या पोटात चार लहानशा जागा असतात. त्यांना दोषशोधनाची रजिस्टरे म्हणतात. प्रोग्राममध्ये किंवा खुद्द कर्नेलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, दडलेला दोष शोधण्यासाठी यंत्राला नेमक्या ठिकाणी थांबविण्याचे काम या चार जागांकडे आहे.

जागा चार आणि त्या मागणारे अनेक, ही परिस्थिती महाराष्ट्रातील वाचकास अपरिचित नाही. बंधाऱ्याचे पाणी मोजके असले की पाळी ठरवावी लागते, आणि पाळी ठरविण्याचा प्रश्न हा पाटाच्या बांधकामाचा प्रश्न नसून हक्काचा प्रश्न असतो. संगणकाच्या इतिहासातही असेच घडले. थांबविण्याचे साधन १९८५ साली तयार झाले. परंतु ते कोणी, केव्हा आणि किती वापरावे याची सर्वमान्य व्यवस्था लिनक्समध्ये रुजण्यास २०१० साल उजाडावे लागले. मधल्या पंचवीस वर्षांत ज्यांनी काम केले त्यांत पुण्यातील व बंगळूरमधील मंडळींचा वाटा मोठा आहे. त्या वाट्याची नोंद कोठे सापडते आणि कोठे सापडत नाही, हा या विषयाचा दुसरा व तितकाच महत्त्वाचा भाग होय.

२. साधनांचा विचार

लिनक्स कर्नेलच्या इतिहासाचे अव्वल साधन म्हणून आज ‘गिट’ या नोंदपद्धतीकडे पाहिले जाते. कोणत्या दिवशी, कोणी, कोणती ओळ बदलली, हे तीत तपशीलवार नमूद असते, आणि कोणाचे योगदान किती याचे मोजमाप बहुधा याच नोंदींवरून केले जाते. तथापि या साधनाची एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. कर्नेलच्या मुख्य गिट-नोंदींचा प्रारंभ एप्रिल २००५ मध्ये, २.६.१२ या आवृत्तीच्या सुमारास होतो. त्यापूर्वीचे काम तीत एका गठ्ठ्यात, कर्त्यांच्या नावांविना, दाखल झाले. शिवाय जे काम बराच काळ मुख्य कर्नेलच्या बाहेर वाढले आणि पुढे आत घेतले गेले, ते आत आणणाऱ्याच्या नावावर व आत आणल्याच्या तारखेस नोंदले जाते.

अशा वेळी दुसरे एक साधन उपयोगी पडते. कर्नेलच्या प्रत्येक फाइलच्या माथ्यावर काही ओळींत स्वामित्वहक्काची वर्षे, संस्थांची व व्यक्तींची नावे, आणि कोणाचे काम कोणी पुढे नेले याचा उल्लेख असतो. यंत्राच्या दृष्टीने या ओळी निरर्थक होत. त्या मनुष्यासाठी लिहिलेल्या असतात. देवळाच्या तुळईवर जीर्णोद्धार करणाऱ्याचे नाव कोरलेले असावे, तशा त्या असतात. राजवाड्यांच्या काळापासून मराठी इतिहाससंशोधनाने अशा किरकोळ भासणाऱ्या लेखांचे मोल जाणले आहे. प्रस्तुत विषयात तीन फाइलींच्या माथ्यावरील लेख विशेष महत्त्वाचे आहेत : कर्नेलच्या दोषशोधकाच्या गाभ्याची फाइल, त्याच दोषशोधकाची इंटेल प्रोसेसरांसाठीची फाइल, आणि हार्डवेअर ब्रेकपॉइंटांच्या व्यवस्थेची फाइल.

३. ‘थांबा’ या कल्पनेचा उगम

ब्रेकपॉइंट हा शब्द प्रथम अगदी शब्दशः वापरला गेला. १९४६ साली अमेरिकेत जगासमोर आलेल्या एनिॲक या यंत्रावर प्रोग्राम म्हणजे तारांची जोडणी असे. चालू गणित एखाद्या ठिकाणी थांबवायचे असेल, तर त्या ठिकाणची तार उपसून काढीत; जोडणी जेथे तुटे तेथे गणित थांबे. या यंत्रावर काम करणाऱ्या बेटी होल्बर्टन यांनी पुढे सांगितलेल्या आठवणींतून ही व्युत्पत्ती समजते.

त्या काळच्या यंत्रांवर एका वेळी एकच काम चाले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेले आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी ‘टिफ्रॅक’ असे नाव दिलेले यंत्रही त्याच पिढीतले. जेथे यंत्र एका वेळी एकाच्याच ताब्यात असते, तेथे यंत्र थांबविल्याने दुसऱ्या कोणाचा खोळंबा होत नाही, आणि थांबविण्याच्या साधनावर कोणाचा हक्क असा प्रश्नही उद्भवत नाही. एकाच यंत्रावर अनेकांची कामे आळीपाळीने चालू लागली, तेव्हा हा प्रश्न जन्मास आला.

पुढील काळात थांबविण्याची जी युक्ती सर्वत्र रूढ झाली ती अशी. जेथे थांबायचे तेथील मूळ आज्ञा उचलून तिच्या जागी थांबण्याची एक आज्ञा ठेवायची, आणि काम झाल्यावर मूळ आज्ञा परत बसवायची. १९७८ च्या इंटेल ८०८६ प्रोसेसरपासून या कामासाठी केवळ एका बाइटची खास आज्ञा उपलब्ध आहे. या युक्तीस सॉफ्टवेअर ब्रेकपॉइंट म्हणतात. असे थांबे हवे तितके ठेवता येतात. परंतु त्यांत दोन उणिवा आहेत. एक तर त्यासाठी प्रोग्रामची अक्षरे बदलावी लागतात, आणि जी स्मृती केवळ वाचता येते व लिहिता येत नाही, तेथे हा उपाय चालत नाही. दुसरी उणीव अधिक गंभीर होय. हा थांबा आज्ञेवर बसतो, आकड्यावर बसत नाही. पेढीच्या खातेवहीतील एक रक्कम वारंवार चुकीची निघते, पण ती कोण बदलतो हे ठाऊक नाही, अशी कल्पना करावी. प्रत्येक कारकुनाच्या मेजाशी पहारेकरी बसविणे हा एक उपाय झाला. परंतु त्या एका रकमेवरच पहारा ठेवता आला, तर चोर तत्काळ सापडतो. असा पहारा आज्ञा बदलून ठेवता येत नाही. तो प्रोसेसरनेच ठेवला पाहिजे.

४. १९८५ : साधनाची सिद्धी

ऑक्टोबर १९८५ मध्ये जाहीर झालेल्या इंटेल ८०३८६ या प्रोसेसरात ही सोय अंगभूत करण्यात आली. डीआर-० पासून डीआर-७ पर्यंत क्रमांक असलेल्या रजिस्टरांपैकी पहिल्या चारांत पहाऱ्याचे चार पत्ते लिहिता येतात. चौथा व पाचवा हे क्रमांक राखीव आहेत. सहाव्यात कोणता पहारा फळास आला याची नोंद होते, आणि सातव्यात प्रत्येक पहाऱ्याचे स्वरूप ठरते : आज्ञा पार पाडताना थांबायचे, त्या जागी काही लिहिले गेल्यावर थांबायचे, की वाचन व लेखन दोन्हींवर थांबायचे; तसेच पहारा एका बाइटवर, दोन बाइटांवर की चारांवर ठेवायचा. चौसष्ट बिटांच्या प्रोसेसरात आठ बाइटांचीही सोय झाली. आज्ञेवरचा थांबा आज्ञा पार पडण्यापूर्वी लागतो, तर आकड्यावरचा थांबा लेखन घडून गेल्यानंतर लागतो. म्हणजे चोर पकडला जातो, पण चोरी झाल्यावर. ही रजिस्टरे लिहिण्याचा अधिकार केवळ कर्नेलला आहे. सामान्य प्रोग्रामने तसा प्रयत्न केल्यास प्रोसेसर त्यास रोखतो.

याप्रमाणे साधन सिद्ध झाले आणि त्याची किल्ली कर्नेलच्या हाती आली. मात्र कर्नेलने ती किल्ली कोणास व कोणत्या नियमाने द्यावी, याविषयी प्रोसेसर मौन पाळतो. शिवाय यंत्रात प्रोसेसर अनेक असतील तर प्रत्येकाची रजिस्टरे स्वतंत्र असतात. कर्नेलमधील एका आकड्यावर पहारा ठेवायचा तर तो सर्व प्रोसेसरांवर एकाच वेळी ठेवला पाहिजे. नाहीतर पहारा एका दारावर आणि चोर दुसऱ्या दारातून, अशी स्थिती होते.

५. लिनक्समधील दोन हक्कदार

१९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स लिहिले ते ८०३८६ प्रोसेसरासाठीच. त्यामुळे ही चार रजिस्टरे लिनक्सला जन्मतःच लाभली. त्यांचा पहिला हक्कदार ठरला सामान्य प्रोग्रामचा दोषशोधक. जीडीबीसारखा दोषशोधक ‘पीट्रेस’ या मार्गाने कर्नेलला विनंती करी, आणि कर्नेल त्या विशिष्ट प्रक्रियेच्या खात्यावर पहाऱ्याचे पत्ते लिहून ठेवी. त्या प्रक्रियेची पाळी आली की ते पत्ते प्रोसेसरात भरले जात. पाळी संपल्यावर मात्र ते लगेच पुसले जात नसत. रजिस्टरे लिहिणे हे वेळखाऊ काम असल्याने ते शक्य तितके टाळावे, असे धोरण होते. जुना पहारा चुकून दुसऱ्याच प्रक्रियेच्या पाळीत फळास आला, तर कर्नेल तो थांबा निरर्थक समजून सर्व पहारे एकदम बंद करून टाकी. जोपर्यंत हक्कदार एकच प्रकारचा होता तोपर्यंत हे आळशी धोरण निभावून गेले.

दुसरा हक्कदार म्हणजे खुद्द कर्नेलचे दोष शोधणारा दोषशोधक. त्याच्या मार्गात एक वैचारिक अडथळा होता. सप्टेंबर २००० मध्ये टोरवाल्ड्स यांनी आपण कर्नेलमध्ये दोषशोधक घेण्याच्या विरुद्ध का आहोत, हे परखडपणे मांडले. दोषशोधक हाताशी असला की माणूस दोषाचे बाह्य लक्षण झाकून मोकळा होतो. तो नसला की संपूर्ण रचना समजून घेणे भाग पडते, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. या भूमिकेत तथ्य नव्हते असे नाही. परंतु ज्यांना स्वतः न लिहिलेल्या कर्नेलवर आपल्या उत्पादनाचा भाग बसवायचा होता, आणि ठरल्या मुदतीत दोष काढायचा होता, त्यांची गरज या भूमिकेने भागत नव्हती. परिणामी दोषशोधक मुख्य कर्नेलच्या बाहेर, पुरवणीच्या रूपाने, वाढत राहिला. त्याचे नाव केजीडीबी.

६. पुण्याचा वाटा

केजीडीबीची पद्धत अशी की दोन यंत्रे तारेने जोडावयाची. एकावर तपासावयाचे कर्नेल चालते, दुसऱ्यावर जीडीबी हा दोषशोधक. पहिल्या यंत्रातील एक लहानसा भाग तारेवरून आलेल्या आज्ञा पाळतो : अमुक ठिकाणी थांब, अमुक जागेतील आकडा कळव, पुढे चल. या लहानशा भागाची वंशावळ इंटेल प्रोसेसरांसाठीच्या फाइलच्या माथ्यावर दिलेली आहे. मूळ लेखन लेक स्टीव्हन्स येथील उपकरण विभागातील ग्लेन एन्गेल यांचे; ते ३८६ साठी बदलले सिग्नस सपोर्टच्या जिम किंगडन यांनी; लिनक्सच्या २.१ मालिकेशी त्याची सांगड घातली डेव्हिड ग्रोथ यांनी, २.२.५ मध्ये ते बसविले टिग्रान ऐवाझियन यांनी. आणि त्याच मालिकेत, ते अद्ययावत करणारे म्हणून, अमित काळे यांचे नाव येते.

माथ्यावरील वर्षे क्रमाने लावली असता चित्र स्पष्ट होते. २००० ते २००१ या वर्षांचा हक्क व्हेरिटास सॉफ्टवेअर या कंपनीच्या नावे आहे. ही कंपनी साठवणुकीची सॉफ्टवेअरे तयार करीत असे, आणि तिचे विकासकेंद्र पुण्यात होते. काळे यांचा या लेखातील निर्देश त्याच कंपनीच्या पत्त्याने होतो. त्यानंतर २००३ व २००४ ही वर्षे काळे यांच्या स्वतःच्या नावे, आणि २००४ ते २००६ ही वर्षे लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज या पुण्याच्या कंपनीच्या नावे आहेत. म्हणजे मुख्य कर्नेलचे दार बंद असताना, निदान सहा वर्षे, या पुरवणीच्या संगोपनाचा एक प्रमुख धागा पुण्याशी जोडलेला होता.

हे संगोपन म्हणजे नेमके काय, हे समजून घेणे अगत्याचे आहे. कर्नेलची नवी आवृत्ती आली की बाहेरची पुरवणी तिच्यावर बसेनाशी होते. ती प्रत्येक वेळी नव्याने जुळवून घ्यावी लागते. त्यातच केजीडीबीचे निरनिराळे पाठ प्रचलित होते. काळे यांचा एक, अँड्र्यू मॉर्टन यांच्या प्रायोगिक कर्नेलमध्ये असलेला जॉर्ज अँझिंगर यांचा दुसरा, आणि अँडी क्लीन यांनी चौसष्ट बिटांच्या प्रोसेसरांसाठी केलेले बदल वेगळे. २००४ च्या सुमारास हे पाठ एकत्र करून एकच ग्राह्य पाठ सिद्ध करण्याचा प्रयत्न झाला. काळे यांच्याबरोबर टॉम रिनी आणि पावेल माखेक यांची नावे या वर्षाशी निगडित आहेत. ज्या पुण्यात भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, त्या पुण्यास पाठ जुळविण्याच्या कामाची किंमत वेगळी सांगावयास नको. असे काम नवनिर्मितीसारखे डोळ्यांत भरत नाही. ते झाले नाही तर मात्र पुढचे काहीच होत नाही.

हार्डवेअर ब्रेकपॉइंटांच्या दृष्टीने या पुरवणीचा विशेष असा, की तीत चार पहाऱ्यांची एक छोटी सारणी होती. प्रत्येक ओळीत पहारा चालू की बंद, त्याचा प्रकार, लांबी आणि पत्ता एवढीच माहिती. कर्नेल पुन्हा चालू करण्यापूर्वी ही सारणी प्रोसेसरच्या रजिस्टरांत उतरविली जाई. रचना साधी व स्वच्छ होती. परंतु तिने एक गोष्ट गृहीत धरली होती. चारही जागा आपल्याच आहेत, असे केजीडीबी मानीत होता. तिकडे पीट्रेसही तेच मानीत होता. दोघांपैकी कोणासही दुसऱ्याचे अस्तित्व ठाऊक नव्हते.

७. २००८ : प्रवेश आणि तडजोड

विंड रिव्हर या कंपनीचे जेसन वेसल आणि रेड हॅटचे इंगो मोल्नार यांच्या प्रयत्नांनी केजीडीबी अखेर मुख्य कर्नेलमध्ये आला. १३ जुलै २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या २.६.२६ या आवृत्तीत त्याचा समावेश आहे. आत येताना त्याची बरीच छाटणी व पुनर्रचना झाली. गिटमधील नोंद अर्थातच आत आणणाऱ्यांच्या नावे आहे, आणि नियमानुसार ते योग्यही आहे. पण जो संशोधक केवळ या नोंदी मोजील, त्यास केजीडीबी २००८ साली अचानक जन्मलेला दिसेल. त्यामागील पुण्याची वर्षे त्यास माथ्यावरच्या ओळींतच वाचावी लागतील.

हार्डवेअर ब्रेकपॉइंटांची सोय जोडताना वेसल यांनी एक कबुली नोंदवून ठेवली आहे, तिचे ऐतिहासिक मोल मोठे आहे. प्रक्रियांची पाळी बदलताना रजिस्टरे आळशी पद्धतीने भरली जातात, आणि कर्नेलमध्ये प्रवेश करताना ती बदलण्याची काहीच यंत्रणा नाही. यास्तव एखाद्या सामान्य प्रोग्रामने पहारा लावला, तर केजीडीबीचा पहारा हरेल. ही तडजोड स्वीकारण्याजोगी मानली गेली, कारण कर्नेल तपासणाऱ्या जाणकारास यंत्रावर काय चालले आहे याची कल्पना असते असे गृहीत होते. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, हक्कांचा तंटा नियमाने न सोडविता शहाणपणावर सोपविण्यात आला. एकाच माणसापुढे एकच यंत्र असेल तेथे हे चालून जाते. ज्या यंत्रावर एकमेकांना न ओळखणाऱ्या अनेकांची कामे चालतात, तेथे शहाणपण नेमके कोणाचे गृहीत धरावयाचे?

८. २००७ ते २०१० : व्यवस्थेची उभारणी

नियमाने वाटप करण्याचा एक पद्धतशीर प्रस्ताव याआधीच, २००७ साली, मांडला गेला होता. तो हार्वर्डच्या रोलँड इन्स्टिट्यूटमधील ॲलन स्टर्न यांचा. पहारा हवा असलेल्या प्रत्येकाने, मग तो प्रोग्राम असो वा कर्नेलचा भाग, एकाच कचेरीत अर्ज करावा, आणि रजिस्टरांना परस्पर हात लावू नये, हे त्याचे मूलतत्त्व होते. त्या प्रस्तावात अर्जदारांची प्रतवारीही होती. वरच्या प्रतीचा अर्जदार आल्यास खालच्याचा पहारा काढून घेण्यात यावा व त्यास तसे कळविण्यात यावे, अशी योजना होती.

हा प्रस्ताव रेंगाळला. तो पुढे नेला बंगळूर येथील आयबीएमच्या लिनक्स टेक्नॉलॉजी सेंटरमधील के. प्रसाद यांनी. २००८ व २००९ या वर्षांत त्यांनी त्याची अनेक आवर्तने सादर केली, आक्षेपांनुसार ती बदलली, आणि २००९ च्या लिनक्स सिम्पोझियममध्ये या विषयावर निबंधही सादर केला. त्यांनी प्रतवारीची गुंतागुंत वगळली. त्यांच्या मांडणीत कर्नेलचे पहारे वरच्या टोकाकडून खाली आणि सामान्य प्रोग्रामांचे पहारे खालच्या टोकाकडून वर भरत जात. मध्ये मोकळी जागा असेपर्यंत दोघांनाही मुभा. दोन्ही बाजू भिडल्या की पुढच्या अर्जास नकार. कोणाचाही मिळालेला पहारा मागाहून हिरावला जाणार नाही, हा या मांडणीचा नैतिक गाभा म्हणता येईल.

त्याच सुमारास, सप्टेंबर २००९ मधील २.६.३१ या आवृत्तीत, कर्नेलमध्ये ‘पर्फ’ ही मोजमापाची यंत्रणा दाखल झाली होती. प्रोसेसरातील मोजणीची मोजकी साधने अनेकांत वाटणे हेच तिचे काम. फ्रेडरिक वाइसबेकर यांच्या लक्षात आले, की पहाऱ्यांचा प्रश्नही त्याच जातीचा आहे. पाळी बदलताना साधने काढणे व भरणे ही कामे पर्फ आधीच करीत आहे. त्यांनी प्रसाद यांच्या मांडणीची पर्फच्या पायावर पुनर्रचना केली, आणि २४ फेब्रुवारी २०१० रोजी प्रसिद्ध झालेल्या २.६.३३ आवृत्तीत ती आली. या फाइलच्या माथ्यावर स्टर्न यांचे २००७, आयबीएमचे २००९ आणि वाइसबेकर यांचे २००९, असे तिन्ही उल्लेख शेजारी शेजारी आहेत. ज्याने कल्पना मांडली, ज्याने ती जिवंत ठेवली आणि ज्याने तिला अखेरचे रूप दिले, त्या तिघांचीही नावे एकत्र टिकली, ही समाधानाची गोष्ट होय.

या व्यवस्थेतील वाटपाचा नियम लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. अर्ज तीन प्रकारचे असतात. काही पहारे एखाद्या प्रोसेसरवर, कोणतीही प्रक्रिया चालो, कायम हवे असतात. काही एखाद्या प्रक्रियेबरोबर, ती जाईल त्या प्रोसेसरवर, कायम हवे असतात. उरलेले लवचिक असतात. जागा मिळेल तेव्हा लागावे, न मिळेल तेव्हा थांबावे, अशी त्यांची तयारी असते. कर्नेल प्रत्येक प्रोसेसरसाठी हिशेब करते : कायम पहारे किती, कोणत्याही एका प्रक्रियेचे कायम पहारे जास्तीत जास्त किती, आणि लवचिक अर्ज एक जरी असेल तरी त्यासाठी एक जागा. या तिन्हींची बेरीज चारच्या आत असली पाहिजे. उदाहरणार्थ, कर्नेलचा एक सार्वत्रिक पहारा आहे, एका प्रक्रियेचे दोन आहेत आणि लवचिक अर्ज दहा आहेत. बेरीज एक अधिक दोन अधिक एक, म्हणजे चार. दहा लवचिकांनी ती एक जागा आळीपाळीने वापरावी. परंतु त्याच प्रक्रियेचा किंवा सार्वत्रिक असा नवा कायम अर्ज आल्यास त्यास जागा नाही असे स्पष्ट उत्तर मिळते. मोठ्यांनी सर्व पाणी घेऊ नये, शेवटच्या शेतासाठी एक पाळी राखावी, हा पाटकऱ्याचा न्याय येथे अंकगणिताच्या रूपात उतरला आहे.

या नव्या व्यवस्थेत केजीडीबीचे काय, हा प्रश्न लगोलग पुढे आला. कारण तो अद्यापि रजिस्टरांना परस्पर हात लावीत होता. २०१० च्या प्रारंभी वेसल यांनी त्यासही कचेरीतून अर्ज करावयास लावले. परंतु येथे एक अवघड पेच होता. केजीडीबी जागा होतो तेव्हा इतर सर्व प्रोसेसर थांबलेले असतात. हिशेबाची वही ज्याच्या हाती आहे तोच थांबलेला असेल, तर ती मिळण्याची वाट पाहणे म्हणजे अखंड वाट पाहणे. म्हणून केजीडीबीने वाट पाहू नये. वही दुसऱ्याच्या हाती आढळल्यास अर्ज मागे घ्यावा, असा मार्ग काढण्यात आला. ज्याने एके काळी चारही जागा आपल्या मानल्या, तोच शेवटी सर्वांत संयमी अर्जदार ठरला.

९. उत्तरकाळ

व्यवस्था स्थिरावली तरी तिची परीक्षा संपली नाही. मे २०१८ मध्ये निक पीटरसन आणि नेमान्या मुल्यास्माजिक यांनी उघडकीस आणलेला दोष या दृष्टीने बोधप्रद आहे. इंटेल घराण्याच्या प्रोसेसरांत एक विशिष्ट रजिस्टर बदलणाऱ्या आज्ञेनंतर पहाऱ्याचा थांबा एक आज्ञा उशिराने लागतो. ती पुढची आज्ञाच कर्नेलमध्ये प्रवेश करणारी असेल, तर सामान्य प्रोग्रामने लावलेला थांबा कर्नेलच्या उंबरठ्यावर, त्याची तयारी होण्याआधी, लागतो. प्रोसेसरच्या नियमपुस्तकातील या बारकाव्याचा अर्थ अनेक ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्त्यांनी नीट लावला नव्हता. त्यामुळे लिनक्ससह अनेकांना एकाच वेळी दुरुस्ती करावी लागली. २०२० मध्ये लिनक्सने आणखी पुढे जाऊन कर्नेलच्या प्रवेशद्वाराशी निगडित असलेल्या स्मृतीवर पहारा ठेवण्यासच मनाई केली. पहारेकरी कोठे उभा राहू शकतो याबरोबरच तो कोठे उभा राहू नये, हेही व्यवस्थेस ठरवावे लागले.

इतर प्रोसेसरांवरील कथाही याच दिशेची आहे. पॉवर घराण्यातील सर्व्हरांवर आकड्यांसाठी दीर्घकाळ एकच पहारा उपलब्ध होता. त्यासाठीची व्यवस्था २०१० साली प्रसाद यांनीच लिहिली. पॉवर १० मध्ये दुसरी जागा निर्माण झाली, तेव्हा २०२० साली एकाऐवजी अनेक जागा गृहीत धरणारे बदल रवी बांगोरिया यांनी केले. २०२२ साली मार्को एल्व्हर यांनी वाटपाच्या हिशेबाची पद्धत सुधारली. शेकडो प्रोसेसर आणि हजारो प्रक्रिया असलेल्या यंत्रांवर एकाच वहीसाठी सर्वांनी रांग लावणे परवडेनासे झाले होते. हिशेबाची पद्धत बदलली, वाटपाचा नियम तोच राहिला.

१०. समारोप

वरील विवेचनावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की हार्डवेअर ब्रेकपॉइंटांचा इतिहास हा साधनाच्या शोधाचा इतिहास नसून वाटपाच्या नियमाचा इतिहास आहे. १९८५ साली प्रोसेसरने चार जागा दिल्या, आणि चाळीस वर्षांनंतरही इंटेलच्या घराण्यात त्या चारच आहेत. बदलले ते एवढेच, की पूर्वी ज्याचा हात आधी पोहोचे त्याच्या त्या होत. आता अर्ज करणाऱ्या प्रत्येकास होय किंवा नाही असे प्रामाणिक उत्तर मिळते. दोषशोधनात या प्रामाणिकपणाचे महत्त्व विशेष आहे. पहारा लावला असे समजून मनुष्य निर्धास्त बसतो आणि प्रत्यक्षात तो कोणीतरी पुसलेला असतो, याहून घातक अवस्था नाही. कारण त्यावरून निघणारा निष्कर्ष, म्हणजे या जागी कोणी लिहिले नाही, हा खोटा असूनही पुराव्यानिशी खरा वाटतो.

दुसरा निष्कर्ष इतिहासलेखनाविषयी आहे. हाच धोका संशोधकासही आहे. गिटच्या नोंदींत एखादे नाव आढळले नाही, म्हणून त्या माणसाने काम केले नाही असे म्हणणे, हे पुसलेल्या पहाऱ्यावर विसंबण्यासारखे होय. पुण्यातील केजीडीबीची वर्षे मुख्य नोंदवहीत नाहीत. ती फाइलच्या माथ्यावरील थोड्या ओळींत आहेत. केजीडीबीची गाभ्याची फाइल २०१० साली दुसऱ्या ठिकाणी हलविली गेली, तिचे तुकडे झाले, तरी त्या ओळी प्रत्येक तुकड्याबरोबर नकलून घेण्यात आल्या. त्या नकलणाऱ्याने पूर्वसूरींचे ऋण मानले म्हणूनच आज हा इतिहास लिहिता येतो.

महाप्याच्या किंवा ऐरोलीच्या एखाद्या यंत्रात आज रात्री एखादा आकडा चुकेल आणि कोणी अभियंता त्यावर पहारा लावील. त्याला जागा मिळेल, किंवा जागा नाही असे स्पष्ट सांगितले जाईल. त्या एका उत्तरामागे केंब्रिज, पुणे, बंगळूर आणि इतर अनेक ठिकाणच्या माणसांची वर्षे आहेत, हे त्यास ठाऊक असण्याची गरज नाही. इतिहासकाराने मात्र ते विसरता कामा नये.